खालून आलेलं ऊन

तिचा नवरा मिस्त्री होता. गळक्या गच्च्यांवर चंदेरी शीट चिकटवायचं त्याचं काम. घरी त्यानं बायकोचं नाव ‘हवामान खातं’ ठेवलं होतं, कारण चहाचं आधण ठेवायच्या आधी ती मोबाइलवर अतिनील किरणांचा आकडा बघायची. एक-दोन म्हणजे हिरवा, आठ म्हणजे लाल. त्या दिवशी दुपारी आकडा अकरावर जाणार होता. जांभळा.

“आभाळ आलंय की,” बूट चढवत मिस्त्री म्हणाला.

“असल्या पातळ ढगांनी उकाडा कमी होतो, किरण नाही. टोपी घे. मानेला क्रीम लाव, दोन तासांनी परत लाव.”

“लावतो, खातेप्रमुख!” जबड्याखाली खाजवत तो निघाला. तिथं त्याला बारा महिने घामोळं असायचं. टोपी घेतली, डबा मात्र ओट्यावरच राहिला.

आठ महिन्यांच्या चिमीला सोडायचं कुणाकडे? तिला टोपी, पूर्ण बाह्यांचं झबलं, मोजे असा सगळा बंदोबस्त करून ती डबा घेऊन त्याच्या कामाच्या गच्चीवर पोचली.

“एवढा रोल संपवतो गं. डांबर गरम आहे तोवरच शीट बसते.”

ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली. समोर चंदेरी शीट लावलेली गच्ची नव्या ताटासारखी चकाकत होती. चिमीनं मोजे केव्हाच भिरकावले होते. ती चकाकीकडे पाय नाचवत खिदळत होती. सावलीत आहोत म्हटल्यावर आईही निर्धास्त होती. सव्वा तास गेला.

संध्याकाळी पाजायला घेतलं, तर चिमीनं किंकाळी फोडली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आईनं तिची हनुवटी वर केली. हनुवटीच्या खालची बाजू लालभडक होती, नाकाखालीही तसंच, आणि पायाच्या तळव्यांना तर ती हात लावू देत नव्हती. कपाळ मात्र साफ होतं.

ऊन असतं तर वरून लागलं असतं, हनुवटीच्या खाली कसं? मग हे काय? रक्तातलं काही? मिस्त्री दारात आला तेव्हा ती चप्पल घालूनच उभी होती.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी चिमीला उलटसुलट करून पाहिलं. “दुपारी कुठे होतात?”

“सावलीत. टाकीच्या.” ती म्हणाली. “टोपी होती हो तिला!”

“आणि समोर, जमिनीवर काय होतं?”

ती नवऱ्याच्या नखांकडे बघू लागली. त्यात चंदेरी चुरा अडकला होता.

“ऊन काय फक्त वरूनच येतं? चकचकीत पृष्ठभाग ते परत फेकतो, पार सावलीतसुद्धा. आणि टोपीला खालून झाकण नसतं, बाई. गार पाण्याचा मऊ कपडा ठेवा, थोडं थोडं पाजत राहा. फोड आले किंवा ताप आला तर लगेच या. भरून येईल हे.”

भरून येईल. तिला रडूच कोसळलं. डोळे पुसता पुसता ती एकदम थांबली.

चिमीचा सव्वा तास. ह्याची अशा गच्च्यांवरची अकरा वर्षं.

“मान वर कर.”

“अगं, ते घामोळं…”

“वर कर म्हणते ना!”

तिनंच त्याची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. घामोळं कसलं! चण्याच्या डाळीएवढा डाग होता. कडा वेड्यावाकड्या, एकीकडे तपकिरी, एकीकडे काळा. रोज सकाळी तिनं त्याची मान पाहिली होती, गाल पाहिले होते. सगळं वरून.

डॉक्टरीणबाईंनी भिंग घेतलं. “वाढलाय का?”

“असेल… दाढी करताना रक्त येतं कधीकधी.”

“मी चिठ्ठी देते. कॅन्सर नाही ना, हे बघायला हवं. उद्या सकाळी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. पुढच्या आठवड्यात नाही, उद्याच.”

बाहेर अंधारून आलं होतं. चिमी तिच्या खांद्यावर हुंदके देत झोपली होती. मिस्त्री चार पावलं चालला आणि म्हणाला, “उद्याचा आकडा किती आहे गं?”

आजवर त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. तिनं मोबाइल काढला नाही. एका हातानं चिमीचे तळवे ओढणीत झाकून घेतले, आणि दुसऱ्या हातानं त्याची बाही घट्ट धरली.