डफ थांबतो ती जागा

कार्तिकातल्या सकाळी मोहाच्या पानांवरचे दव सावकाश खाली ठिबकत असे, उन्हाला अजून धार आलेली नसे, आणि त्या ओलसर जमिनीवर एक रुंद, सावळा तळहात पालथा टेकलेला असे. बोटे जराशी फाकलेली, अंगठा मातीत किंचित रुतलेला, आणि वर डोळे मिटलेला एक शांत चेहरा. माझा थोरला भाऊ पत्रू गाणे ऐकायचा ते असे. कानाने त्याला जे मिळत नसे ते तो जमिनीकडून मागून घेत असे. डफावर थाप पडली की ती मातीतून त्याच्या तळव्यात, तळव्यातून मनगटात आणि मनगटातून चेहऱ्यावर चढत जाताना मी पाहिली आहे. तलावात खडा टाकल्यावर काठापर्यंत येणाऱ्या वलयासारखी.

आम्ही ढिवर. वैनगंगेपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावी मोठा तलाव होता, आणि त्या तलावावर आमचे घर चालत असे. जाळे पाण्याखालच्या खुंटात अडकले की बुडी मारून सोडवायचे, हे काम आम्ही दोघे भाऊ आळीपाळीने करत असू. मी मॅट्रिकच्या परीक्षेला चांद्याला गेलो त्या आठवड्यात जाळे अडकले. माझ्या वाटच्या बुड्याही त्यानेच मारल्या. मी परत आलो तेव्हा त्याच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता आणि उजवा कान मला जवळ बोलावत होता. पेपर कसे गेले, एवढेच त्याने विचारले. पुढे मी नागपूरला जाऊन बी. ए. झालो, तालुक्याच्या शाळेत मास्तर झालो. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. त्या सहीखाली कुणाचा कान आहे, हे मला माहीत होते. माहीत असूनही मी जे केले, ते आज लिहितो आहे.

पत्रूभाऊला एकच वेड होते, चिंधूबोवांच्या दंडारीचे. दंडार म्हटली की आमच्याकडे लोकांना सोंगे हवीत, नाच हवा, विनोद हवा. चिंधूबोवांकडे यांतले काही नव्हते. त्यांचे एकेक पद सावली झाडाच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत चाले. मध्येच लय मोडे, वळे, भलत्याच चालीत शिरे आणि सगळे विसरले असे वाटत असतानाच पहिल्या ओळीवर उतरे. आणि त्यात एक जागा अशी होती की तिथे डफ एकाएकी थांबे. मागे सूर धरणारे झिलकरी थांबत, बोवा थांबत. त्या निःशब्दतेत जाणकार मनातल्या मनात पाच टाळ्या मोजत, आणि पाचवी सरताच चाळीसेक हात एकदम वर उठत. त्याच क्षणी डफ कडाडे. हात वर जाणे आणि डफ वाजणे यांत केसभरही अंतर राहिले नाही, तर ते वर्ष चांगले गेले असे ही मंडळी समजत. पहिला हात नेहमी पत्रूभाऊचा असे.

बहुतेक गावांना हे गाणे कंटाळवाणे वाटे. पण ज्यांना ते लागले होते, ते कुठूनही येत. आरमोरीकडचे, ब्रह्मपुरीकडचे, एटापल्लीच्या रानातून दोन दिवस चालत येणारे दोघे गोंड भाऊ, आणि सिरोंच्याचा एक तेलुगू कुंभार, ज्याला पदातले शब्द कळत नसत पण लय चुकलेली चटकन कळे. वर्षातून एकदाच भेटणारी ही माणसे एकमेकांना नावाने क्वचितच ओळखत. बोवांना मोतीबिंदू झाला होता, कंदिलाचा उजेड सोसत नसे, म्हणून अलीकडे ते दिवसाच गात. आणि ही मंडळी आदल्या दिवशीच येऊन मोहाखाली शिंदीच्या चटया पसरत. पसरलेली चटई म्हणजे बसलेला माणूस, असा तिथला रिवाज होता. मालक तलावावर गेला, गावात गेला, तरी ती कोणी ओलांडत नसे. पत्रूभाऊ आपल्या चटईच्या चार कोपऱ्यांवर जाळ्याची भाजक्या मातीची वजने ठेवी, आणि चटई अगदी डफवाल्यापुढे, दोन हातांवर.

"काय गा पत्रू, औंदा बोवाच्या मांडीवरच बसतं का?" सरूबाई त्याला मोठ्याने चिडवी. ती सुईण होती, पंचक्रोशीतली अर्धी माणसे तिच्या हातची. "तुयी चटई पाहून डफवाला घाबरते न बापा!"

"घाबरू दे व," पत्रूभाऊ म्हणे. "घाबरला का थाप चांगली पडते."

त्या वर्षी बोवा शेवटचे गाणार, अशी वार्ता होती. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आमच्याच गावची, आणि व्यवस्थेसाठी कमिटी झाली, तिच्यात शिकलेला म्हणून मला घेतले. गावचे जमीनदार, पूर्वीचे मालगुजार, अध्यक्ष होते. सकाळी मंडळी आंघोळीला आणि शिदोरी खायला तलावावर गेली असताना निरोप आला, तालुक्याचे साहेब सहकुटुंब येत आहेत. मालगुजार मला म्हणाले, "मास्तर, समोर खुर्च्या लावा जी. ते बोरे-चटया उचला तिथून. साहेब काय म्हणतील?"

मी 'नाही' म्हणू शकलो असतो. निदान 'एक चटई राहू द्या' एवढे तरी. पण मास्तर या शब्दाने माझी मान ताठ झाली होती, आणि त्या ताठ मानेने खाली पाहता येत नव्हते. शाळेच्या बारा खुर्च्या मी स्वतः मांडल्या. चटया स्वतःच्या हाताने गुंडाळल्या. चारी कोपऱ्यांवर मातीची वजने असलेली चटई आली तेव्हा माझे हात थांबले. मग मी वजने उचलून तिच्यातच घातली आणि सगळ्या वळकट्या मागे, बैलगाड्यांपाशी नेऊन ठेवल्या. भाऊला जागा करून देईल कोणीतरी, अशी मनाची समजूत घातली. तो कोणीतरी मी नव्हतो, एवढे नक्की केले होते.

मंडळी परतली. ओल्या केसांनी, खांद्यावर पिळलेली धोतरे घेऊन ती जागच्या जागी उभी राहिली. सरूबाईच पुढे आली.

"काऊन जी मास्तर, आमी माणसं नोहो का? पसरल्या चटईले हात लावते का कोनी?"

मी 'साहेब', 'शिस्त' असे काही पुटपुटलो. पत्रूभाऊने माझ्या ओठांकडे पाहिले, खुर्च्यांकडे पाहिले, आणि त्याला सगळे कळले.

"राहू द्या न बाई," तो म्हणाला. "त्याची नौकरी हाय. मोठे लोकं येऊन राह्यले." मग माझ्याकडे वळून, एकदम हलक्या आवाजात: "मले मांगूनही आयकू येते, बाबू. तू काऊन तोंड उतरवून राह्यला?"

तो मागे गेला. मी साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो.

बोवा गायले. कसे गायले, ते मला सांगता येत नाही, कारण साहेबांना पाणी हवे का, बाईंच्या तोंडावर ऊन येते का, मालगुजार माझ्याकडे कसे पाहतात, याच्यातच माझे सगळे लक्ष होते. एवढेच आठवते की एकाएकी सारे शांत झाले. आणि त्या शांततेत, कोणाचाही हात वर नसताना, बैलगाड्यांपाशी एकच हात उंच उठला. बैलांच्या खुरांची आणि चाकांची धडधड जमिनीतून येत असलेल्या त्या जागी त्याला डफ थांबण्याआधीच थांबल्यासारखा वाटला होता की खुरांचे धक्केच टाळ्या म्हणून मोजले गेले होते, देव जाणे. तो हात तसाच, अधांतरी, एकटा. साहेबांच्या बाई हसल्या. साहेब हसले. हात मी ओळखला होता. मीही हसलो.

मग डफ कडाडला, चाळीस हात वर गेले, आणि तो एक हात सावकाश खाली आला.

घराकडे जाताना बांधावर धानाच्या पेंढ्या पडल्या होत्या, पश्चिमेकडे तलावाचे पाणी तांबूस झाले होते. तो पुढे, मी मागे. बऱ्याच वेळाने तो थांबला आणि उजवा कान माझ्याकडे केला.

"बाबू, तू त समोर होता. आज डफ कितीक थांबला? माया मोज चुकला गा. मी घाई केली का बोवानं वेळ लावला?"

मी मोजले नव्हते. मोजले नाही, हे सांगण्याची लाज वाटली. आणि चूक त्याची नव्हती असे त्याला वाटावे, अशीही इच्छा झाली. माझा भ्याडपणा आणि माझी माया, दोन्ही एकाच शब्दात बोलली. "सात," मी म्हणालो.

"सात!" त्याचा चेहरा उजळला. "म्हनूनच! बोवानं शेवटच्या खेपेला सगळ्यायले फसवलं न!"

बोवा त्या उन्हाळ्यात गेले. पत्रूभाऊ पुढे अकरा वर्षे होता, आणि दर मंडईला, कोणाचीही दंडार असो, मोहाखाली बसलेल्या नव्या-जुन्या माणसांना तो सांगे, की समोर बसून बाबूने मोजले होते, बोवांनी शेवटच्या गाण्यात पाच सोडून सात घेतले, आणि चाळीस जाणकारांपैकी कोणालाही ते आधी कळले नाही. ऐकणाऱ्यांत ते चाळीस जणही असत. माना डोलवत असत. मी लांबून हे पाहून मनाशी म्हणे, त्यांनाही आता आठवत नसेल.

त्याच्या तेराव्याला सरूबाई आली. खूप थकली होती. ओसरीवर बसून तिने पाणी घेतले, आणि कोणी जवळ नाही असे पाहून मला म्हणाली, "मास्तर, पाचच होते जी. आमी सगळ्यायनं पाचच मोजले. पन पत्रूले नाई सांगतलं कोनं. त्याले तुमी सांगतलं होतं न."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला वर पाहता आले नाही. ज्यांच्या चटया मी उचलल्या, त्यांनी माझे खोटे अकरा वर्षे सांभाळले. माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. आता मी कधीकधी एकटा बसून पाचपर्यंत मोजतो, आणि मग सहा, आणि मग सात. आणि मला कळून चुकते की गेलेले माणूस आपल्याला क्षमा करून गेले असले, तरी ती क्षमा नेमकी कशाकशासाठी हवी होती हे त्याला सांगायचे राहून जाते, आणि त्या राहून गेलेल्या वाक्याभोवतीच आपले उरलेले आयुष्य हळूहळू जुने होत जाते.