तीन आठवडे नुसतं पाणी

दुकानात तिला सगळे ताई म्हणत, अगदी तिच्याहून वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. अकरा वर्षं ती तिथं मासे विकत होती, आणि मालकांच्या मते विकण्यापेक्षा न विकण्यातच तिचा जास्त वेळ जायचा. फ्रीजवर ठेवायला काचेचा गोल वाडगा आणि त्यात सोडायला दोन गोल्डफिश कुणी मागितले, की ती त्याला समजावायची: हे मासे वीतभर वाढतात, वाडग्यात त्यांचा जीव घुसमटतो. गिऱ्हाईक मान डोलवायचं, अगदी पटल्यासारखं करायचं, आणि शेवटी विचारायचं, "बरं, मग दोन देता ना?" एका बाईंनी टाकी कपड्यांच्या साबणाने घासून काढली होती. एका गृहस्थांनी माशांना थंडी वाजत असेल म्हणून वरून गरम पाणी ओतलं होतं. मासे मेले की मात्र सगळे झाडून हजर, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: तुमचे मासेच चांगले नव्हते.

दुकानातर्फे घरोघरी टाक्या बसवणारे नळवाले काका आणि ताई दुपारच्या चहाला हे किस्से एकमेकांना सांगत आणि हसून सोडून देत. गिऱ्हाईक परकं होतं तोवर ताईला ते जमलंही.

मग एके दिवशी दादा आला.

दादा तिचा सख्खा थोरला भाऊ, एका मोठ्या कार्यालयात अधिकारी. अकरा वर्षांत तो दुकानाची पायरी चढला नव्हता. बहीण कुठं असते असं कुणी विचारलं तर "एका शोरूममध्ये" म्हणायचा. त्याने नवा फ्लॅट घेतला होता, आणि दिवाणखान्याच्या भिंतीत चार फुटी टाकी बसवायची होती. ताईला मनातून बरं वाटलं. तिने स्वतः टाकी निवडून दिली, पंप आणि गाळणी निवडली, नळवाले काकांना बसवायला पाठवलं. पण मासे मागितले तेव्हा तिने सांगितलं, की आधी तीन आठवडे नुसतं पाणी फिरत ठेवायचं. माशांची घाण पचवणारे जंतू पाण्यात तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. मग दोन मासे आणायचे, ते रुळले की आणखी दोन.

"शनिवारी साहेब जेवायला येतायत," दादा म्हणाला. "त्यांना काय नुसतं पाणी दाखवू?"

ताईने झाडं लावून देते म्हटलं, मागे निळा कागद लावू म्हटलं. मासे मात्र दिले नाहीत. दादा तोंड फिरवून निघून गेला.

बुधवारी ताईची सुट्टी असे. गुरुवारी ती कामावर आली तर गोल्डफिशची टाकी निम्मी रिकामी. मालकांनी आनंदाने सांगितलं, की तुमचे भाऊ येऊन चोवीस मासे घेऊन गेले.

"टाकी कधी भरली ते विचारलंत का?"

"विचारणार होतो. पण ते म्हणाले, बहिणीने सगळं सांगितलंय."

यात खोटं काहीच नव्हतं. ताईने जाळी धुवायला घेतली. काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्या दुपारी चहाला दोघांपैकी कुणी किस्सा सांगितला नाही.

शनिवारी ती दादाकडे गेली. दिवाणखाना माणसांनी भरला होता आणि टाकीत दिवा लावला होता. सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन श्वासासाठी तोंडाची उघडझाप करत होते. पंपाचा आवाज येत नव्हता. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, घरघर ऐकू येते म्हणून पाहुणे असेपर्यंत बंद ठेवलाय. गाळणीचा स्पंज कळकट दिसत होता म्हणून दादाने आदल्या दिवशी तो नळाखाली चोळून अगदी पांढरा केला होता. म्हणजे दोन-चार दिवसांत जे काही जंतू धरले असतील तेही वाहून गेले होते.

साहेबांनी कौतुकाने विचारलं, "हे सगळे वर का येतायत?"

"माणसाळलेत," दादा म्हणाला. "कुणी जवळ आलं की येतात."

त्यावर पाहुण्यांची पोरं बिस्किटं कुस्करून टाकू लागली. ताईने पुढे होऊन पंपाचं बटण दाबलं, माशांच्या खाण्याचा डबा उचलला आणि सरळ आपल्या पर्समध्ये टाकला. दादा जवळ येऊन हळूच म्हणाला, "आज तुझं प्रवचन नको सुरू करूस." तिने सुरू केलं नाही. जेवली आणि घरी गेली.

रविवारी सकाळी फोन आला. तेरा मासे उलटे झाले होते. दादाचा आवाज चढलेला होता: तुमच्या दुकानाने रोगट माल गळ्यात मारला, आता साहेबांना काय सांगू. ताईने अकरा वर्षांत हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं असेल. भावाच्या तोंडून मात्र पहिल्यांदाच. तिने फोन ठेवला, आणि ती दोन बादल्या, रबरी नळी आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणाऱ्या थेंबांची बाटली घेऊन निघाली.

दादा दार उघडून आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. टाकीसमोर खुर्चीत आई बसली होती; ती दादाकडेच राहायची. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिने आयुष्यभर शिवणकाम केलं होतं, आणि गुडघ्यांमुळे आता तिचा दिवस त्याच खुर्चीत जायचा. मासे मरताना रात्रभर तिनेच पाहिले होते.

"मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं," आई म्हणाली. "ते गुरुवारपासूनच वर येत होते. आता काय करायचं ते नीट सांग."

ताईने सांगितलं. रोज पाव हिस्सा पाणी काढायचं, थेंब घातलेलं ताजं पाणी हळू सोडायचं. चार दिवस खायला काही नाही, नंतर चिमूटभर. पंप एक मिनिटही बंद नाही. स्पंज नळाखाली धरायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात बुचकळायचा. आईने मोठ्या अक्षरात लिहून मागितलं. मग शिवणाच्या डब्यातला टेप मागवून टाकीची उंची मोजायला लावली. पाणी अठरा इंच भरलं. पाव म्हणजे साडेचार. तिथं तिने काचेवर खडूची रेघ मारून घेतली, कापडावर मारायची तशी.

बादल्या उचलणं आईच्याने होणार नव्हतं. वहिनीची कंबर धरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आईने दादाला हाक मारली. साहेबांसमोर जो कधी नाही म्हणत नसे, तो आईसमोरही कधी म्हणाला नव्हता. ऑफिसला जाण्याआधी त्याने तीन बादल्या पाणी काढलं आणि तीन भरल्या. आई खुर्चीतून सांगत होती: हळू, रेघेवर थांब, धार काचेवर सोड. त्याने एकदा रेघेच्या खाली पाणी नेलं, तर तिने जास्तीचं पाणी परत टाकीत ओतायला लावलं.

संध्याकाळी साडेसहाला आईचा दुकानात फोन यायचा. ताईच्या मोबाइलवर नाही, दुकानाच्याच नंबरवर, कारण कामाचं बोलणं कामाच्या जागी. पहिल्या आठवड्यात आणखी सहा गेले. एकाच्या शेपटीला पांढरं आलंय, हे ताईने विचारण्याआधीच आईने ओळखलं. मालक फोन उचलायचे आणि कंटाळून ताईकडे द्यायचे. नंतर नंतर तेच विचारू लागले, आज किती आहेत? पाच. उद्याही पाचच. महिना उलटला तरी पाच.

याच सुमारास मालकांनी काउंटरमागे एक पाटी लावली, की नव्या टाकीसाठी पहिल्या खेपेला दोनहून जास्त मासे मिळणार नाहीत. दोन गिऱ्हाइकं त्यावरून भांडून गेली. बाकीचे बरेचजण पाटी वाचून, मान डोलवून, दुसऱ्या दुकानात गेले.

दादा सव्वा महिन्याने आला. तोवर भावाबहिणीत एक शब्द झाला नव्हता. त्याच्या शर्टाच्या बाहीला ओल होती. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली आणि काउंटरवर ठेवली. अक्षर आईचं होतं: दोनच द्यावेत. हा जास्त मागेल.

ताईला हसू आवरेना. दादानेही मग हसून घेतलं, थोडं वेडावाकडं.

"मी चारच मागणार होतो," तो म्हणाला.

तिने दोन निवडले, पिशवीत हवा भरून रबर लावलं, आणि पिशवी आधी पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवायची वगैरे सगळं पहिल्यापासून सांगितलं. रोगट मालाबद्दल तो काही बोलला नाही, माफीबिफीही मागितली नाही. पण तिचं सांगून होईपर्यंत उभा राहिला आणि मधे एकदा विचारलं, "वीसच का? अर्धा तास ठेवलं तर?"

चालेल, ती म्हणाली. रविवारी येतेस का, त्याने विचारलं. दोनपर्यंत दुकान आहे, त्यानंतर येईन, असं ती म्हणाली, आणि मागे उभ्या असलेल्या बाईंकडे वळली.