पट्टीखालची पेन्सिल

मैदानाच्या रखवालदाराला कुणीतरी मागून हॉकी स्टिकने मारलं, आणि गटारात सापडलेल्या स्टिकवर कप्तानाचा आठ नंबर निघाला. तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर स्टिक आणि कप्तान, दोघांनाही घेऊन काकांच्या दुकानात आला.

काका स्टिका दुरुस्त करायचे. मुठीची पट्टी मात्र त्यांची बायको गुंडाळायची. ती जाऊन चार महिने झाले होते. तिच्या हातच्या पट्ट्या आता थोड्याच उरल्या होत्या, आणि त्यातलीही एखादी अधूनमधून घामाने सुटत होती.

"ही पट्टी तुमच्याकडची?"

काकांनी मुठीवरून अंगठा फिरवला. वेढ्यावर अर्धा वेढा, कुठे फुगवटा नाही. "आमच्या हिच्याच हातची," ते बोलून गेले आणि जीभ चावली. आपणच पोराला अडकवलं की काय!

कप्तान शांत उभा होता. चेंडू पायाला लागून फाउल झाला तर पंचाच्या शिट्टीआधी स्वतःच हात वर करणारा हा माणूस. त्यापायी त्याच्याच टीमची पोरं वैतागायची. हा मागून मारेल?

"अरे बोल ना काहीतरी! मिठाची गुळणी धरलीस का?"

"काय बोलू, काका? मी मारलं नाही, हे सांगितलं. स्टिक गेल्या हंगामात देऊन टाकली, हेही सांगितलं."

शेवटच्या सामन्यानंतर समोरच्या टीममधल्या सगळ्यात भारी खेळाडूला आपली स्टिक द्यायची, हा त्याचा जुना शिरस्ता.

"कुणाला दिली विचारलं, की गप्प," इन्स्पेक्टर म्हणाला.

"त्याने मारलं हे मी पाहिलं नाही, साहेब. नाव कसं घेऊ?"

काकांना एकदम आठवलं. पट्टी काढली की स्टिका सारख्याच दिसतात. अदलाबदल नको म्हणून ही गुंडाळायच्या आधी लाकडावर पेन्सिलने मालकाची खूण लिहायची.

"पट्टी सोडावी लागेल," ते म्हणाले.

"मग सोडा की."

हात काही चालेनात. कप्तानाच्या ते ध्यानात आलं. "राहू द्या, काका. कोर्टात बघू."

"गप रे. ती असती तर एवढा वेळ लावला म्हणून मलाच झापलं असतं."

त्यांनी पट्टी सावकाश उलगडली. अक्षर पुसट होतं, पण वाचता येत होतं: 'हिरव्यांचा लंबू. कप्तानाने दिली. आठ नंबर खोडू नको म्हणतो.' खाली सहा महिन्यांपूर्वीची तारीख.

"हिरव्या जर्सीच्या टीममधला तो उंच पोरगा," काका म्हणाले. इन्स्पेक्टरने दोनदा वाचलं. "जा बाबा घरी. आणि यापुढे कुणाला द्यायचाच तर हातरुमाल दे."

"त्याला आधी नीट विचारा हं, साहेब. त्याच्याकडूनही कुणी नेली असेल."

इन्स्पेक्टरने कपाळाला हात लावला आणि स्टिक, पट्टी दोन्ही पिशवीत घालून घेऊन गेला. काका मोकळ्या हातांनी बसून राहिले.

तासाभराने कप्तान स्वतःची खेळायची स्टिक घेऊन परत आला. मुठीला चिंध्या लोंबत होत्या. "ही पण काकूंचीच. सोडायची नाही. वरूनच नवी गुंडाळा."

"मूठ जाड होईल."

"होऊ दे."

काकांनी सवयीने पेन्सिल उचलली. मग लक्षात आलं, लिहायचं ते खाली लिहिलेलंच आहे. पेन्सिल कानावर खोचून त्यांनी पहिला वेढा घेतला.