आदर्श पुरवठादाराचा सत्कार

अकोल्यातले सीए खुशालराव यांच्या ऑफिसकडे पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचं काम होतं. कंपनीचा माल जर्मनीला जायचा. तिथल्या गिऱ्हाइकांनी मागितली म्हणून एका सोमवारी कंपनीकडून प्रश्नावली आली : तुमच्या ऑफिसात, किंवा तुम्हाला माणसं आणि सामान पुरवणाऱ्यांकडे, कोणाला जबरदस्तीनं कामाला ठेवलेलं आहे का? स्वतः तपासा आणि सही करून पाठवा.

खुशालराव मोठ्यानं हसले. "गुलाम? अकोल्यात? अवो, मले माह्या घरात कोनी पानी आनून देत नाही!" त्यांनी तो कागद रश्मीच्या टेबलावर ठेवला. "सगळीकडं 'नाही' लिहा अन् संध्याकाळी सहीले आना."

रश्मी बार्शीटाकळीची. नुकतीच सीए होऊन खुशालरावांकडे लागलेली. तपासा असं लिहिलं असेल तर खरंच तपासायचं, ही तिची खोड. तिनं चहावाल्या सूर्यभानला विचारलं, "तुमाले कामावर कोनी जबरदस्तीनं ठेवलं काय?"

"ठेवलं ना. बायकोनं."

कागद-शाई पुरवणाऱ्यानं हा प्रश्न इन्कम टॅक्सवाल्यांचा आहे की काय, एवढंच घाबरत विचारलं. मग ती जिना पुसणाऱ्या मनकर्णाकडे वळली. मनकर्णा परतवाड्याकडच्या एका खेड्यातली, पंचविशीची. सफाईच्या सगळ्याच बाया कुलदीपभाऊ या ठेकेदाराकडून यायच्या. सकाळी त्याची गाडी त्यांना सोडायची, संध्याकाळी घेऊन जायची.

"तुहं आधार कार्ड कुठी हाय?" रश्मीनं प्रश्नावलीत बघून विचारलं.

"भाऊकडं."

"अन् शाळेचे कागद?"

"थेबी भाऊकडं."

"काहून?"

"पळून जाऊ नये म्हून." आज भाजी कोणती केली ते सांगावं, तसं तिनं सांगितलं.

रश्मी बादली सरकवून पायरीवरच बसली. मग एकेक बाहेर आलं. बाया राहायच्या त्या खोल्यांना संध्याकाळी बाहेरून कुलूप लागायचं. बाजाराला जायचं तरी सोबत भाऊचा ड्रायव्हर. मनकर्णाची गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून निवड झाली होती. शुक्रवारी मूळ कागद दाखवायचे होते. तिनं ते मागितले तेव्हा भाऊ म्हणाला होता, "तू गेली तं फरशी कोन पुसन? मी?"

"आपन पोलिसात जाऊ," रश्मी म्हणाली.

"नोका ताई! पोलीस येतीन त्याच्या आधी कागद गायब होतीन. मंग थो म्हनन, माह्याकडं कवा देल्लेच नाही. मांगं एकीचं तसंच झालं."

रश्मीनं वर जाऊन सगळं सांगितलं. खुशालरावांनी तिच्यासमोरच कुलदीपभाऊला फोन लावला.

"साहेब, अडानी बाया हायेत," पलीकडून लोण्यासारखा आवाज आला. "कागद हरवतात. मी बापासारखा सांभाळतो."

"झालं समाधान?" खुशालराव फोन ठेवत म्हणाले. "लिहा 'नाही'."

"सर, गोदाम डोळ्यानं पाह्यल्याशिवाय तुमी मालाच्या आकड्यावर सही करता काय?"

 जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठींवर चढून खुशालरावांनी स्वतः गाठी मोजल्या होत्या, धोतर फाटलं तरी उतरले नव्हते, ही गोष्ट ते स्वतःच प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. ते उठले, दारापर्यंत गेले. जिन्यात मनकर्णा पाठमोरी पुसत होती. त्या ओल्या फरशीवरून ते तीन वर्षं रोज वर येत होते. तिचं गाव कोणतं, हेही त्यांना आज कळलं होतं.

"मंग करायचं काय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आधी कागद बाहेर काढायचे. कुलदीपभाऊंचा सत्कार करू."

 खुशालरावांच्या मिशीचं एक टोक हललं. "पन मी खोटं बोलनार नाही हां. सीए हाय मी."

दोघांनी दुपारभर बसून निमंत्रण जुळवलं, आणि त्यात एकही शब्द खोटा येऊ दिला नाही. पुण्याच्या कंपनीनं पुरवठादारांची विचारपूस केली आहे. कामगारांचे कागद तुमच्याइतके घट्ट सांभाळणारा दुसरा ठेकेदार आम्हाला भेटला नाही. हे सर्वांना कळावं अशी आमची इच्छा आहे. तरी मूळ कागदांसह यावं. सत्काराचं नाव काय द्यायचं यावर मात्र वाद झाला. 'आदर्श पुरवठादार' हे खोटं होईल, असं खुशालराव म्हणाले. शेवटी बॅनरवर 'आदर्श पुरवठादार कसा असावा?' असं छापून घेतलं, आणि प्रश्नचिन्ह बारीक ठेवलं.

गुरुवारी कुलदीपभाऊ क्रीम रंगाची सफारी घालून ऑफिसात आला. फोटोग्राफर त्यानं स्वतःचा आणला होता. मागून ड्रायव्हर कागदांची बॅग घेऊन चढला. पहिल्या रांगेत सफाईच्या बाया बसवल्या होत्या, मागं ऑफिसचे लोक. प्रमुख पाहुण्या म्हणून दीक्षा मॅडम आल्या होत्या. त्या कोण, कुठल्या, हे कुलदीपभाऊनं विचारलंच नाही. त्याचं सगळं लक्ष शालीकडे होतं.

खुशालरावांनी शाल घातली, नारळ दिला आणि माइक पुढं केला. "भाऊ, तुमी हे कसं जमवता, थे सांगा."

"काय सांगू!" कुलदीपभाऊला भरून आलं. "बाया भोळ्या. कागद हाती देल्ले तं निघून जातीन. म्हून सगळे माह्या कपाटात. खोल्याईले कुलूप मी सोता लावतो. आजपावतर एकबी पळाली नाही!"

सगळ्यात मोठ्यानं टाळ्या खुशालरावांनी वाजवल्या. "आता भाऊंच्याच हस्ते एकेकीला तिचे कागद. फोटो येऊ द्या!"

कुलदीपभाऊ क्षणभर थबकला. पण कॅमेरा समोर होता आणि खांद्यावर शाल होती. तो एकेकीचं नाव घेऊन कागद देऊ लागला. मनकर्णाची पाळी आली तेव्हा तो हसरा चेहरा न बदलता पुटपुटला, "कार्यक्रम झाला का वापस जमा करजो."

माइक सुरूच होता. मनकर्णानं कागद उलटेपालटे करून पाहिले, पदराखाली घट्ट धरले आणि माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "नाही करत."

 पहिल्या रांगेतली बेबीताई खुदकन हसली, आणि मग सगळी रांगच हसायला लागली.

"ए, आना ते कागद इकडं!" कुलदीपभाऊ ओरडला.

दीक्षा मॅडम उठल्या. "राहू द्या त्यांच्याकडेच. मी सरकारी कामगार अधिकारी. रश्मी मॅडम काल मला भेटल्या, तेव्हा खरं सांगते, माझा विश्वास बसला नव्हता. तुमच्या भाषणानं बसला. आता ती कुलपंही दाखवा. खाली पोलिसांची जीप थांबली आहे."

"साहेब, तुमी मले फसवलं!"

"एक शब्द खोटा बोललो असन तं दाखवा," खुशालराव म्हणाले.

कुलदीपभाऊ शालीसकट जीपमध्ये बसला. नारळ कुठं ठेवावा हे त्याला कळेना, तेव्हा शेजारच्या हवालदारानंच तो मांडीवर घेतला. त्याच दिवशी खोल्या उघडल्या गेल्या आणि गुन्हा नोंदवला गेला.

पुढचे काही दिवस ऑफिसात झाडायला कोणी नव्हतं. खुशालरावांनी आपली केबिन स्वतः पुसायचा प्रयत्न केला आणि कॉम्प्युटरच्या वायरीत पाय अडकून पडले. मग त्यांनी बेबीताईला बोलावलं. मधे ठेकेदार नको, थेट ऑफिसचीच नोकरी कर, म्हणाले. बेबीताईनं आधी सुट्ट्या किती ते विचारलं, मग विचार करून सांगते म्हणून दोन दिवस त्यांना लटकवून ठेवलं, आणि मगच हो म्हणाली.

पुण्याच्या प्रश्नावलीत खुशालरावांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : "होय. आमच्याच जिन्यात होतं. आम्ही कधी विचारलं नाही." पुढं काय केलं तेही लिहिलं. काम हातचं जाणार, अशी रश्मीला धास्ती होती. आठवड्यानं कंपनीतल्या बाईंचा फोन आला. सगळ्या गावांच्या पुरवठादारांकडून 'नाही, नाही' लिहून आलं होतं, 'होय' एवढंच एक. "बाकीच्यांकडे विचारायला तुमच्या रश्मी मॅडमना पाठवाल का?"

मनकर्णा मात्र तोवर थांबली नव्हती. अंगणवाडीसाठी कागद दाखवायला शुक्रवारी सकाळच्या परतवाडा गाडीत रश्मीनं तिला बसवून दिलं. सीट मिळाली तरी ती दारातच उभी राहिली. "किती वर्सानं एकटी चालली मी, ताई," ती म्हणाली. "अन् बसून जाऊ काय?"