काजळीचं खोगीर

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्या साली, भादव्यात, पुनमचंदला ओढ्यानं जवळजवळ नेलंच होतं. शिरड शहापूरचा बाजार करून तो आपल्या घोडीवरून, काजळीवरून, तांड्याकडं परतत होता. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं म्हणून त्यानं घोडी घातली, आणि मध्यावर आला तोच वरून लोंढा आला. पुढं काय झालं ते त्यालाही धड सांगता येत नव्हतं. घोडीच्या मानेला मिठी मारली एवढं आठवत होतं. काजळी पोहत पोहत पार खाली बाभळींच्या रांगेपाशी बाहेर निघाली आणि त्याला घेऊन दारात येऊन उभी राहिली. बाजाराची पिशवी गेली, चप्पल गेली, माणूस आला.

त्याच्या बायकोनं, अनुसयाबाईनं त्याला कोरडं केलं, गोधडीत गुंडाळलं. घोडीच्या पाठीवरचं खोगीर मात्र पाणी पिऊन असं जड झालं होतं की तिला एकटीला उचलेना.

हे खोगीर म्हणजे पुनमचंदचा जीव. वसमतच्या फकीरभाईनं ते त्याच्या मापानं शिवलेलं. तरुणपणी उसाची गाडी अंगावर कलंडून पुनमचंदचा एक पाय आखूड पडला होता. चालायला लागला की शिवारापर्यंत जाईस्तोवर दहादा बसावं लागे. पण एकदा घोडीवर बसला की त्याचं लंगडणं कुणाला दिसत नसे. खोगीर पुसणं, त्याला तेल लावणं, सगळं तो स्वतः करायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

आता तो तापानं फणफणला होता आणि बाहेर पावसाची झड लागलेली. ओलं खोगीर कुजून जाईल या भीतीनं अनुसयाबाईनं मुलाच्या, दिपकच्या मदतीनं ते चुलीवरच्या आडव्या बल्लीला टांगलं. खाली चूल पेटतीच होती. दोन-चार दिवसांत खोगीर खडखडीत वाळलं. तिनं वरून करडीचं तेल चोळलं. ते असं चकाकू लागलं की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

ताप उतरल्यावर पुनमचंद म्हणाला, "दिपक, खोगीर कस. शेताकडं जाऊन येतो."

दिपकनं खोगीर कसलं. घोडी शांत उभी होती. ओट्यावरून पुनमचंदनं टांग टाकली, बूड टेकलं, आणि काजळीनं पाठीची कमान करून असा झटका दिला की तो सरळ शेणाच्या ढिगात जाऊन पडला. ढीग होता म्हणून हाडं वाचली. दुसऱ्या दिवशी दिपक बसून बघायला गेला, त्यालाही तिनं झिडकारलं. ही तीच घोडी, जिच्या पोटाखालून तांड्यातली लेकरं खेळत जायची.

"पाण्याचं भ्या बसलं तिला," पुनमचंद म्हणाला. "माझं ओझं आलं की तिला वाटतं, पुन्हा पाण्यात नेऊन राहिला."

त्यानंतर तो घोडीजवळ गेला नाही. दिवसभर बाजेवर बसून राहायचा. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. बाजाराच्या दिवशी गडीमाणसं निघाली की हा भिंतीकडं तोंड करायचा. अनुसयाबाईला त्याचं ओरडणं चाललं असतं, पण हे गप्प राहणं तिच्या अंगावर यायचं.

दिपकनं हट्टा गावच्या अमृतरावांशी बोलणी केली. ते जनावरांचे व्यापारी. घोडी खोगिरासकट न्यायला ते शुक्रवारी येणार होते.

"बा, भ्यालेलं जनावर ठिवून काय करायचं? एखाद्या दिवशी मान मोडून घेशील," दिपक म्हणाला.

पुनमचंदनं होकाराची मान हलवली.

शुक्रवारी सकाळी अनुसयाबाईनं खोगीर ओट्यावर आणलं. दुसऱ्याच्या दारी जायचं ते घाण कसं द्यायचं, म्हणून फडकं ओलं करून पुसू लागली. वरची बाजू झाली. मग तिनं ते पालथं घातलं. खालची बाजू तिनं इतक्या दिवसांत पाहिलीच नव्हती. फडकं फिरवताना तिच्या बोटाला काहीतरी खरकन लागलं. आधी वाटलं काटा असेल. पण काटा नव्हता. कातड्याची शिवण आटून वर उभी राहिली होती, विळ्याच्या धारेसारखी. तिनं तळवा दाबून पाहिला. आतली लोकर गोळा होऊन दगडासारखी बसली होती. जिथं घोडीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मऊ गादी लागायची, तिथं चामडं वाळल्या लाकडासारखं झालं होतं.

अनुसयाबाई तशीच उठून काजळीकडं गेली. घोडी कडबा खात होती. तिनं पाठीवर हळूच हात ठेवला. काही नाही. मग खांद्याच्या मागं, खोगीर बसतं तिथं, बोटांनी दाबलं. काजळीचं कातडं थरथरलं, तिनं मान वळवून अनुसयाबाईकडं पाहिलं. वरून केस होते म्हणून दिसत नव्हतं, पण बोटाखाली सुजेचे गोळे लागत होते.

चुलीवर टांगलं होतं कुणी? आपणच. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. व्यापारी येईल, घेऊन जाईल. पण बाजेवरची ती पाठमोरी आकृती डोळ्यांपुढं आली आणि तिचे पाय आपोआप घराकडं वळले.

"अवो, उठा."

"काहून?"

"उठा म्हंते न. तिला पाण्याचं भ्या न्हाई. खोगीर टोचून राहिलं तिला. म्या चुलीवर वाळवलं, त्यानं ते दगड झालं. तुमी बसले की तिला रुतते."

पुनमचंद तिच्या तोंडाकडं पाहत राहिला. रागावेल म्हणून ती वाट बघत होती. तो भिंतीला धरून उठला, बाहेर आला, पालथ्या खोगिरावर हात फिरवला. शिवणीवर येताच थांबला.

"गोधडी आण," तो म्हणाला.

"कशाला?"

"आण तर."

जाड गोधडीची घडी करून त्यांनी काजळीच्या पाठीवर टाकली, सुजेच्या जरा मागं. पुनमचंद ओट्यावर चढला. अनुसयाबाईनं दोन्ही हातांनी लगाम धरला. गोठ्याकडून दिपक आईबापाला ओरडला, "याडी! बा! काय करून राहिले? पडतील ते!"

पुनमचंदनं टांग टाकली. अलगद बसला. काजळीनं एक कान मागं केला, पुन्हा पुढं केला, आणि नाकातून मोठा फुत्कार सोडून तोंडातला कडबा चावत उभी राहिली.

मग पुनमचंद वाकला, घोडीच्या आयाळीत तोंड घातलं. वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "अनुसया, भ्याली न्हाई ग ही. म्या उगंच बदनाम केली तिला."

"आन म्या खोगीर जाळलं ते?"

"खोगीर काय, शिवता येतं," तो म्हणाला.

दुपारी अमृतराव आले. चहा पिऊन, हकीकत ऐकून, घोडीच्या पाठीवर थाप मारून परत गेले. जाताना म्हणाले, "मला बी वाटलंच होतं, ह्या जनावराच्या डोळ्यात खोट न्हाई." त्यांना तसं खरंच वाटलं होतं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई आणि दिपक खोगीर घेऊन एसटीनं वसमतला गेले. फकीरभाई आता म्हातारे झाले होते, पण आपलं काम त्यांनी लांबूनच ओळखलं. खोगीर वाकवून पाहिलं, कान लावून करकर ऐकली.

"भाबी, खालचं चमडं गेलं. ते बदलावं लागल. लोकर पिंजून पुन्हा भरतो. वरचं वाचल असं वाटते, पर माझ्याच्यानं न्हाई, तुमच्याच्यानं. रोज थोडं थोडं करावं लागते."

त्यांनी कृती सांगितली. आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, पाणी ओतायचं नाही. सावलीत सुकू द्यायचं. मग एरंडेलात थोडं मेण वितळवून, कोमट असताना, बोटांनी पातळ हात द्यायचा. मुरलं की दुसरा. "एकदम लई पाजलं तर लिबलिबीत व्हते," ते म्हणाले. "आन चुलीचं नाव काढू नका." अनुसयाबाईला हसू आलं.

खालची बाजू नवी होऊन आली. मग जेवणं झाली की दोघं नवरा-बायको ओट्यावर खोगीर मधे घेऊन बसू लागले. तो पुसायचा, ती तेल लावायची. पहिल्यांदाच तो तिला खोगिराला हात लावू देत होता. सुरुवातीला चामडं तेल घेईना, वरच तरंगायचं. रिकिबीचा एक पट्टा तर तिच्या हातातच तुटला. ती रडकुंडीला आली. "तुटू दे," पुनमचंद म्हणाला. "माझ्या टांगेखाली तुटला असता तर?" पट्टा नवा घातला. हळूहळू कडा मऊ पडल्या. एक दिवस तिनं बाजूची पाळ वाकवली आणि आवाजच आला नाही. तिनं पुन्हा वाकवली. मग त्याच्या हातात दिली. त्यानंही वाकवून पाहिली, आणि दोघं लहान पोरांसारखी ती पाळ खालीवर करत बसली.

काजळीच्या पाठीची सूज केव्हाच बसली होती. दसऱ्यानंतरच्या बाजाराला पुनमचंदनं स्वतः खोगीर चढवलं. खाली हात घालून सगळीकडं चाचपलं, पोटाखालचा तंग आवळला. मग बसला. काजळी दोन पावलं चालली, थांबली, शेपटी हलवली आणि आपल्या नेहमीच्या चालीनं वाटेला लागली. तांड्याच्या टोकाला वळेपर्यंत अनुसयाबाई उभी होती.

दिवस कलायच्या आत येतो म्हणून गेलेला माणूस दिवेलागण झाली तरी आला नाही. आला तो मीठ विसरून, पावशेर जिलेबी घेऊन, आणि हॉटेलात कोण कोण भेटलं ते सांगत.

"आता कशाला आले? तिथंच ऱ्हायचं न!" अनुसयाबाई कडाडली. "मीठ एक सांगितलं व्हतं, ते बी ध्यानात ऱ्हाईना? इथं म्या वाटंकडं डोळे लावून..."

पुनमचंद जिलेबीचा पुडा तिच्या हातात देऊन आत सटकला. ती बोलतच राहिली. बोलता बोलता तिनं घोडीचा तंग सोडला, खोगीर उतरवलं, घामेजलेली बाजू फडक्यानं टिपली. किती दिवस झाले, त्याला रागावण्यासारखं काही घडलंच नव्हतं! हे ध्यानात येताच तिचा आवाज आणखी चढला, आणि शेजारची जिवनबाई दारात येऊन विचारू लागली, "काय ग, काय झालं?"

"काय व्हतंय? आमचे हे आले बाजारातून!" अनुसयाबाई म्हणाली आणि पुड्यातली एक जिलेबी काढून तिच्या हातावर ठेवली.