तीस सेकंदांची शांतता

…स्क्रू इतका बारीक होता, की तो बोटाच्या पेराला चिकटलाय की मघाशीच खाली पडलाय हेच तिला कळेना. तिने बोट खिडकीच्या उजेडात धरलं. होता. नवी स्टोरेजची पट्टी तिने खाचेत तिरकी खोचून खाली दाबून धरली होती, तिच्या टोकाला तो टेकवला, दोन आटे फिरवले, झाकण बसवलं, आणि कॉम्प्युटरला जोडायचा तो पालथा पडलेला चपटा डबा सुलटा करून त्याच्यावर आपला कॉम्प्युटर ठेवला – तळहाताएवढा, कडेला कड नेमकी जुळली. मागून एक वायर. झालं. एवढ्यासाठी इतकी वर्षं अडलं होतं. कॉम्प्युटरला मागे दोनच भोकं – माईक लावायचा तर जुनी डिस्क काढा, डिस्क लावायची तर माईक काढा – तिथे आता डब्याला समोर ओळीने पाच, आणि जागा तर आठपट. ती त्या पाच रिकाम्या भोकांकडे बघत राहिली. बरं वाटायला हवं होतं. वाटेल म्हणून ती थोडी थांबलीसुद्धा.

"अगं बाई, एवढासाच? साबणाची वडी आहे की काय ही?"

नणंद. वरच्याच मजल्यावर राहायची, त्यामुळे बेल वाजवणं तिला ठाऊक नव्हतं.

"वहिनी, त्या हॉलवाल्यांचा परत फोन. दादाची सगळी निरूपणं संध्याकाळपर्यंत हवीत म्हणे. मावतील ना यात?"

"दहा माणसांची मावतील."

"दहा कुठून आणू? एक होता, तो तर…" नणंदेने टेबलावरची धूळ बोटाने पुसली, बोटाकडे पाहिलं. "बरं, त्यांचं राहू दे. मला एक काढून ठेव. सुरुवातीला तो खाकरायचा बघ, दोनदा. लहानपणापासूनच. आईने हाक मारली तरी आधी खाकरणार, मग 'ओ' देणार. तेवढंच दे मला. बाकीचं देवाचं, ते सगळ्यांना वाट. खाकरणं माझं."

"बघते."

"बघते काय? तूच तर रेकॉर्ड केलंस सगळं! बरं, येते मी थोड्या वेळाने. दूध ठेवलंय वर."

पावलं जिना चढून गेली. बघण्यासारखं काही नव्हतं. खाकरणं नव्हतंच. मीच काढलं.

तिचं काम तेच. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे आणि ती त्या आवाजांतले श्वास काढायची, जिभेची टकटक, खुर्चीची करकर, पोटातली गुरगुर – कुणाचं काय काय तिने ऐकलं होतं. मग नवऱ्याचंही तिनेच करायचं हे ओघानेच आलं. तो उभा राहून दोन-दोन तास गात, सांगत, हसवत माणसांना देवापाशी नेऊन सोडायचा, आणि मध्येच पाणी पिताना घटघट, पन्नाशीनंतरचा तो खोकला, तान लांबली की धाप… ती दुसऱ्या दिवशी सकाळी बसायची आणि एकेक वेचून काढायची, तांदळातले खडे काढावेत तसं. तो मागे उभा राहून ऐकायचा. "हा माणूस श्वास घेतो तरी कधी? मला नमस्कार करावासा वाटतोय याला!" आणि ती हसायची. कच्चं रेकॉर्डिंग ठेवायला जागा नसायची. असाच एक जोडडबा घेऊ या, तो म्हणायचा, तीन वर्षं म्हणत होता. "कशाला उगीच? मी पुसते की." पुसलं. अकरा वर्षं पुसलं. हे सगळं तिला तो गेल्याच्या चौथ्या दिवसापासूनच ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या घराचा पत्ता ठाऊक असावा तसं. नणंदेला ठाऊक नव्हतं. तिला आज सांगायला लागणार होतं.

तिने जुनी डिस्क पहिल्या भोकात लावली आणि सगळं नव्या जागेत उतरवायला घेतलं. पडद्यावर नावं सरकू लागली. तारीख, निरूपण. तारीख, शांतता. तारीख, निरूपण. तारीख, शांतता…

शांतता. त्या फायली तिने ठेवल्या होत्या. जागाच किती घ्यायच्या त्या. खोकला कापला की तिथे खड्डा पडतो, आणि तो बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही, ठिगळ कळतं. म्हणून सुरू व्हायच्या आधी ती बोट वर करायची आणि तीस सेकंद सगळ्यांनी गप्प. तो लोकांना सांगायचा, "आता देवाचं नावसुद्धा नको, घरच्या सरकारचा हुकूम आहे." हशा. मग तोही डोळे मिटून उभा. तिने त्यातले दोन स्वच्छ सेकंद उचलायचे. उरलेले कधी ऐकलेच नव्हते.

तिने हेडफोन चढवला, एक शांतता उघडली.

पंखा. लांब कुठेतरी बाक करकरलं. आणि जवळ, अगदी जवळ – माईक त्याच्या कॉलरलाच तर लावलेला असायचा – आत जाणारा श्वास. थांबला. बाहेर आला, नाकात बारीक शीळ वाजवत. परत आत. तिचं बोट सवयीने कापायच्या खुणेकडे गेलं. तिथेच थबकलं… आणि मग, केव्हा ते तिला कळलं नाही, वर झालं. सत्तावीस. अठ्ठावीस. आता एक मोठा श्वास, खोल, घशापर्यंत आलेला – आता खाकरणार –

फाईल संपली. अर्थात. बोट खाली आलं की तो खाकरायचा आणि तिथूनच ती कापायची.

"वहिनी, सापडलं का गं ते –"

दारात नणंद. तिने वर झालेलं बोट पाहिलं आणि तिथेच उभी राहिली, गप्प, हातातलं फडकं छातीशी धरून, हॉलमध्ये पहिल्या रांगेत राहायची तशी. नणंदेला सांगायचं होतं, खाकरणं कुठेच उरलेलं नाही म्हणून. सांगायला बोट खाली घ्यायला हवं होतं. हात जड होत चालला होता, खांद्यापाशी दुखायलाही लागला होता – दुखतंय, हे तिला किती दिवसांनी स्पष्ट कळत होतं – आणि तिच्या लक्षात आलं की आपणही श्वास धरून ठेवलाय, केव्हापासून कोण जाणे, आणि तो सोडला तर त्याचा आवाज होईल.