काळा राजा कुठे वाचावा

राहनाळला गोदामांच्या रस्त्यावर ट्रकांचा एक वजनकाटा बंद पडला आहे. काटा भंगारात गेला, खोली राहिली. त्या खोलीत आम्ही तिघे म्हातारे दुपारी बुद्धिबळ खेळतो: मी, केसरीनाथ आणि चांगदेव. दोघे खेळतात, तिसरा चुका काढतो. तिसऱ्याची जागा सगळ्यांत सुखाची.

आमचे नियम गावचे. प्यादं पहिल्यापासून एकेक घर चालतं, उगाच दोन घरं धावत नाही. शेवटच्या ओळीत ते ज्याच्या घरात पोचेल तो मोहरा होतं: हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. आणि मांडलेल्या पटावरच्या सोंगटीला जो हात लावेल, तो डावाला बसला. मग त्याने उठायचं नाही. एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

मग केसरीनाथने ग्रंथ आणला. केसरीनाथ गोदामात सुपरवायझर होता. निवृत्त झाला तरी हुकूम द्यायला कोणीतरी लागतं त्याला. ग्रंथ उशीएवढा जाड, मराठीत, जगातले सगळे नियम आणि डाव त्यात. प्रत्येक आकृती तज्ज्ञांनी तपासली आहे, असं मागे छापलेलं. केसरीनाथने त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं, बसायला पाट दिला आणि स्वतःच्या बायकोलाही कधी दिला नसेल एवढा मान दिला.

पहिल्याच आठवड्यात त्याचं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं. त्याने तिथे सोड्याच्या बाटलीचं झाकण ठेवलं.

"हे काय रं?" चांगदेव म्हणाला.

"वजीर. दुसरा."

"घोड्याच्या घरात वजीर कसा जन्मला?"

"पुस्तकात आहे. प्याद्याचा पाहिजे तो मोहरा होतो."

"तुझा पयला वजीर जिता हाय, आन् तू दुसरा आणतोस? त्या पयल्याला इचारलंस का?"

केसरीनाथने पान काढून दाखवलं. चांगदेवला वाचता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. चांगदेव पानाकडे बघत राहिला, मग झाकणाकडे, आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. चांगदेव अंबाडी गावचा. मुलाने काल्हेरला फ्लॅट घेतला म्हणून गाव सोडून आलेला. इकडे त्याला ओळखणारे आम्ही दोघेच. मी त्याच्या घरी गेलो तर गॅलरीत बसून ट्रक बघत होता.

"बुकाचा शब्द शेवटचा असंल तर मला कशाला बोलवतां?" म्हणाला. "बुकाशीच खेळा."

त्याचं खरं होतं. केसरीनाथशी खेळणं म्हणजे आपण चाल करायची आणि त्याला पान सापडेपर्यंत डुलकी काढायची. मी ठरवलं की या ग्रंथाला एकदा चुकताना धरायचं. ग्रंथ पाटावरून उतरला की चांगदेव पाटावर येईल.

"ग्रंथ वाचायला नेतो," मी केसरीनाथला म्हणालो.

"तू? चित्रं बघ, विठू," केसरीनाथ म्हणाला.

मी अक्षर शिकलो नातवंडं झाल्यावर. अजून बोट ठेवून वाचतो. त्यामुळे पुढे पळता येत नाही, वाटेतलं सगळं बघावं लागतं. आणि वाटेत फार मजा होती. एक प्यादं स्वतःच्याच राजाच्या ओळीत उभं होतं. प्यादं मागे चालत नाही, ते तिथे बहुतेक छपाईच्या गाडीने गेलं असावं. एका आकृतीत तर काळा राजाच नव्हता. खाली लिहिलं होतं, 'काळ्याची बाजू अडचणीत आहे.' राजाच नाही म्हटल्यावर अडचण असणारच.

मी प्रकाशकाला सविस्तर पत्र लिहिलं. राजा गायब, प्यादं उलटं, आणि शिवाय प्यादी दोन घरं धावतात, घोड्याच्या घरात वजीर जन्मतो, हेही कळवलं. मैना, माझी बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्या भावाला जल्मात एक पत्र न्हाय धाडलंत. आन् प्याद्यांची चौकशी करतांय."

काही दिवसांनी फोन आला. प्रकाशनातून रीमा नावाची मुलगी बोलत होती.

"काका, तुमचं पत्र मिळालं. पण प्यादं दोन घरं जातं, ही चूक नाही. सगळ्या जगात तसंच जातं."

"राहनाळला न्हाय जात."

"आणि वजीरही होतो, काका."

"बरं. मग काळा राजा कुठे गेला?"

पानं उलटल्याचा आवाज आला.

"तज्ज्ञांनी तपासलंय खरं तर."

"तपासताना कोणाच्या खिशात गेला असंल."

ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "राजासाठी शुद्धिपत्र पाठवते. बाकीचं पुढच्या आवृत्तीत बघू."

शुद्धिपत्र आलं. बोटभर चिठ्ठी: काळा राजा जी-सात या घरात वाचावा. मी बोट ठेवून वाचला. चित्रात पांढरा राजा जी-सहात होता. म्हणजे दोघे मांडीला मांडी लावून. दोन राजे शेजारी बसत नाहीत. राहनाळला नाही आणि सगळ्या जगातही नाही.

ग्रंथासह चिठ्ठी मी केसरीनाथपुढे ठेवली. त्याने ती ग्रंथातल्या चित्राशी ताडून बघितली. मग ग्रंथ मिटला आणि चिठ्ठीप्रमाणे ती आकृती पटावर मांडली. सोंगट्या त्याने चांगदेवच्या नेहमीच्या पाटासमोर मांडल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याला बोलव. खेळू नको म्हणावं. नुसतं बघून जा."

चांगदेव आला. दारातूनच म्हणाला, "बसायला न्हाय आलो." मग पट बघितला. त्याचा चेहरा दुधात माशी दिसावी तसा झाला.

"आरं, हे कोणी मांडलं?"

"पुस्तकाने," केसरीनाथ म्हणाला. "दुरुस्ती करून."

"दुरुस्ती? हे दोन राजे काय विडी पेटवायला बसलेत?" म्हणत त्याने काळा राजा उचलून एक घर लांब ठेवला.

"हात लावलास," केसरीनाथ म्हणाला.

"सरकवला फक्त."

"हात लागला की बसला. तुमचाच नियम आहे."

चांगदेवने माझ्याकडे बघितलं. मी तिसरा होतो, पण या वेळी मला चूक दिसली नाही. तो पुटपुटत बसला आणि म्हणाला, "पयल्यापासून मांड."

डाव लांबला. शेवटी चांगदेवचं प्यादं, एकेक घर चालत, घोड्याच्या घरात पोचलं. त्याने तिथे घोडा ठेवला आणि वर बघितलं. केसरीनाथचा हात ग्रंथाकडे गेला.

"पुढच्या आवृत्तीत बघू," मी म्हणालो.

त्याने हात मागे घेतला. त्या घोड्याने एकाच वेळी त्याचा राजा आणि वजीर धरला होता. हे कोणत्या पानावर आहे, ते मी त्याला विचारलं नाही.